पोटाला मुका मार आणि स्वादुपिंडाची इजा: पोट कधी उघडावे?

शल्यक
पोटाला बसलेल्या मुक्या मारात स्वादुपिंडाला इजा होणे तसे विरळच. यकृत आणि प्लीहा यांच्या इजा आम्ही नेहमी पाहतो, आणि त्यांतले बहुतेक रुग्ण आता पोट न उघडताच बरे होतात. त्या यशामुळे 'थांबा आणि लक्ष ठेवा' ही रीत आमच्या क्षेत्रात रुजली, ते चांगलेच झाले. परंतु तीच रीत स्वादुपिंडालाही सरसकट लावली जाऊ लागली आहे, आणि माझा आक्षेप त्यावर आहे. यकृतातून वाहणारे रक्त बहुधा गोठून थांबते. स्वादुपिंडाची मुख्य नलिका तुटली तर तिच्यातून येणारा पाचकरस असा गोठत नाही. तो आजूबाजूच्या चरबीला आणि रक्तवाहिन्यांना पचवू लागतो. म्हणून माझे मत असे, की मुख्य नलिका शाबूत असेल तर सुरी उचलू नये, आणि ती तुटली असेल व रुग्ण भूल सोसण्याच्या स्थितीत असेल तर पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे. लहान मुलांचे शल्यचिकित्सक आणि एंडोस्कोपी करणारी मंडळी यावर काय म्हणतात ते वाचायला आवडेल.

अरुंधती
मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तेव्हा प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. स्वादुपिंड पोटात इतके खोल, पाठीच्या बाजूला असते असे शाळेत शिकलो होतो. मग पुढून बसलेला मार बाकीचे सगळे अवयव ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा?

निशाचर
अरुंधतीताई, प्रश्न प्राथमिक नाही. इजेचे सगळे मर्म त्यातच आहे. स्वादुपिंड कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर आडवे पसरलेले असते आणि त्याला फारसे हलता येत नाही. सायकलचे हँडल, गाडीचे स्टिअरिंग किंवा चुकीच्या जागी, म्हणजे ओटीपोटाऐवजी बेंबीच्या वर बसलेला सीटबेल्ट पोटात जोराने रुतला, की जठर आणि आतडी बाजूला सरकू शकतात, स्वादुपिंड मात्र पुढचा दाब आणि मागचा कणा यांच्यात चेपले जाते. म्हणूनच मुक्या मारात ते बहुतेक वेळा स्वतःच्या मानेपाशी (उजवीकडचे शिर आणि मधला भाग यांच्यामधल्या अरुंद जागी) किंवा मध्यभागी, नेमके कण्यासमोर, उभे चिरले जाते. ही इजा वैद्यकाला ठाऊक होऊन जवळपास दोन शतके झाली: लंडनमध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८२७ मध्ये घोडागाडीची धडक बसून मृत्यू पावलेल्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात तुटलेले स्वादुपिंड पाहून त्याची नोंद केली होती. आज घोडागाडीच्या जागी मोटारसायकल आली आहे, एवढाच फरक.

तिरकस
म्हणजे बिचारे कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मार बसतो तो नेमका मध्यातच.

क्षकिरण
शल्यकजी, आपल्या विधानातला 'नलिका तुटली असेल तर' हा भाग आपण फार सहज लिहून गेलात. नलिका तुटली आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी आमच्यावर येते, आणि पहिल्या काही तासांत ते सांगता येतेच असे नाही. सीटी स्कॅनवर आम्हांला नलिकेची तूट प्रत्यक्ष क्वचितच दिसते. आम्ही तिचा अंदाज बांधतो. चीर ग्रंथीच्या अर्ध्याहून अधिक जाडीपर्यंत गेली असेल, तर नलिका सापडली असे समजून चालावे लागते. प्लीहेची नीला आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये द्रवाची बारीक पट्टी दिसली, किंवा डाव्या मूत्रपिंडासमोरचे आवरण जाड झालेले दिसले, तर संशय बळावतो. परंतु चिरलेल्या ग्रंथीचे दोन्ही भाग एकमेकांना चिकटून असतील आणि सूज अजून आलेली नसेल, तर पहिल्या १२ तासांतला स्कॅन जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा पाहिला, की मध्ये काळी रेघ उमटलेली असते आणि आदल्या दिवशीच्या चित्रावर परत जाऊन पाहिले तरी ती तिथे सापडत नाही.

रक्तातल्या अमायलेज या पाचकद्रव्याच्या पातळीवरही फार विसंबू नये. मार लागल्यापासून पहिल्या तीन तासांत ते सामान्य असू शकते, आणि उलट लाळग्रंथींना किंवा आतड्याला मार लागला तरी वाढू शकते. एका आकड्यापेक्षा काही तासांच्या अंतराने घेतलेले दोन-तीन आकडे चढते आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. संशय उरलाच आणि रुग्ण स्थिर असला तर एमआरसीपी, म्हणजे नलिकांची एमआरआय तपासणी, करावी. तिच्यात कोणतीही नळी आत न घालता नलिका दिसते.

माणिक
क्षकिरण यांचा प्रतिसाद वाचून थोडे हायसे वाटले. आमच्या पुतण्याला सायकलच्या हँडलचा मार लागला होता. पहिल्या रात्री स्कॅन 'ठीक' निघाला, आणि नंतर पोटदुखी वाढल्यावर दुसऱ्या स्कॅनमध्ये स्वादुपिंड चिरलेले दिसले. घरात सगळ्यांचा समज असा, की पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला. पहिल्या स्कॅनमध्ये न दिसणे हे खरोखर नेहमीचे आहे का?

क्षकिरण
माणिकराव, आपल्या पुतण्याचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याबद्दल बोलणे योग्य नाही. सर्वसाधारणपणे सांगायचे तर पहिला स्कॅन फसवा निघणे हे या इजेचे जगभर मान्य असलेले वैशिष्ट्य आहे. प्रश्न विचारायचाच असेल तर तो पहिल्या स्कॅनचा नव्हे, त्यानंतरच्या तासांचा विचारावा: रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवले होते का, पोट पुन्हा पुन्हा तपासले का, आणि दुखणे वाढल्यावर दुसरी तपासणी विनाविलंब झाली का. हँडलचा गोल वण पोटावर दिसत असूनही मुलाला घरी पाठवले गेले असते, तर ती गोष्ट वेगळी.

माणिक
घरी पाठवले नव्हते. आयसीयूतच ठेवले होते आणि दर काही तासांनी पोट तपासून जात होते. घरच्यांना हे वाचून दाखवतो.

दुर्बीण
आता माझ्या बाजूने थोडे. शल्यकजींनी 'शाबूत' आणि 'तुटलेली' अशा दोनच पेट्या केल्या आहेत, परंतु प्रत्यक्षात नलिका पुष्कळदा अर्धवट फाटलेली असते. अशा वेळी ईआरसीपी करून तोंडावाटे दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत, नेता येते, आणि फाटलेल्या जागेच्या पलीकडे पोहोचेल असा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, नलिकेत बसवता येतो. रसाला सरळ वाट मिळाली की गळती आपोआप आटते, पोट उघडावे लागत नाही आणि प्लीहाही वाचते. मधला मार्ग आहे तो हा.

शल्यक
दुर्बीणजी, स्टेंट फाटलेल्या जागेच्या पलीकडे गेला तर आपले म्हणणे मान्य. पण नलिका पूर्ण तुटली असेल तर तारेला पलीकडचे टोक सापडतच नाही. शिवाय ईआरसीपी स्वतःच स्वादुपिंडाला सूज आणू शकते, स्टेंटमुळे पुढे नलिका अरुंद होण्याचा धोका असतो, आणि एवढे कुशल हात मध्यरात्री हजर असावे लागतात. मला दिसतात ते रुग्ण असे, की ज्यांच्यात स्टेंटचा प्रयत्न, मग वाट पाहणे, मग दुसरा प्रयत्न, असे करता करता आठवडा उलटून गेलेला असतो. तोवर पोटात असा चिखल झालेला असतो, की टाका घातला तरी तो लोण्यात घातल्यासारखा सुटून येतो. पहिल्या दिवशी तासा-दोन तासांत आटोपली असती ती शस्त्रक्रिया त्यानंतर करताच येत नाही. उरते फक्त पू काढणे आणि नळ्या टाकणे.

तिरकस
दुर्बिणीवाल्यांना सुरी दिसत नाही आणि सुरीवाल्यांना दुर्बीण. रुग्णाला बिल मात्र दोघांचेही स्पष्ट दिसते.

बालशल्य
तिरकसजींचा टोला मान्य करून मुद्द्यावर येतो. शल्यकजींचा नियम प्रौढांपुरता मी सही करून देईन, मुलांसाठी नाही. मुलांत प्लीहा, यकृत यांना गंभीर इजा सोबत नसलेली, फक्त स्वादुपिंडाची इजा तुलनेने अधिक दिसते, कारण हँडलचा मार एका लहानशा जागेवर बसतो. अशी मुले रक्तदाबाने स्थिर असतात, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. नलिका तुटलेल्या मुलांनाही शस्त्रक्रियेविना सांभाळणारी चांगली केंद्रे आहेत. त्यांच्याकडे अनेक मुलांत स्यूडोसिस्ट तयार होते, म्हणजे रस साठून भोवती आवरण धरते. काहींत ती आपोआप विरते, काहींत चार ते सहा आठवडे आवरण पक्के होऊ देऊन मग एंडोस्कोपीने जठरात उघडी करून द्यावी लागते. शेवटी मूल संपूर्ण स्वादुपिंड आणि प्लीहा घेऊन घरी जाते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ज्या मुलांचा तुटलेला शेपटीकडचा भाग लवकर काढला जातो, ती लवकर जेवू लागतात, शिरेतून पोषण देण्याचे दिवस कमी होतात आणि पुन्हा पुन्हा भरती होणे टळते. आठवडेच्या आठवडे तोंडाने काही न घेता पडून राहणे हे सहा वर्षांच्या मुलासाठी 'विनाशस्त्रक्रिया' या शब्दातून वाटते तितके सौम्य नसते. म्हणून मी तूट कुठे आहे ते पाहतो. डाव्या बाजूची, स्वच्छ, पहिल्या दिवशीच लक्षात आलेली असेल तर प्लीहा राखून मी शस्त्रक्रियेकडे झुकतो. तूट शिराच्या बाजूची असेल किंवा मूल चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्याकडे आले असेल, तर थांबतो.

अरुंधती
डावी बाजू, शिराची बाजू यांनी इतका फरक का पडतो, हे कोणी सोपे करून सांगेल का?

निशाचर
प्रयत्न करतो. स्वादुपिंडाचे शिर उजवीकडे ड्युओडेनमच्या कवेत असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेजवळ. शिरातून पित्तनलिकाही जाते आणि शिर व ड्युओडेनम यांचा रक्तपुरवठा सामाईक असतो, त्यामुळे शिर काढायचे तर ड्युओडेनमही जाते. शेपूट काढणे त्या मानाने सोपे. या दोन भागांमध्ये मानेच्या मागून आतड्याकडून येणारी मोठी नीला, सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन, वर जाते, आणि तीच सीमारेषा धरली जाते.

अमेरिकन ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेची १९९० मधली श्रेणी यावरच उभी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत खरचट, सूज किंवा चीर असते, पण नलिका शाबूत असते. तिसऱ्या श्रेणीत नलिका त्या नीलेच्या डावीकडे तुटलेली असते, चौथ्या श्रेणीत उजवीकडे, आणि पाचव्या श्रेणीत शिराचा पार चुराडा झालेला असतो. आमच्या वरिष्ठांचे तोंडी परीक्षेतले प्रश्न दोनच: नलिका गेली का, आणि नीलेच्या कोणत्या बाजूला गेली. बाकीचे उत्तर त्यातूनच निघते.

शल्यक
निशाचर यांनी उत्तम मांडले. त्याला जोडून शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय घडते ते लिहितो, कारण 'पोट उघडले' या दोन शब्दांत पुष्कळ काही दडते. पोट उघडून सरळ पाहिले तर स्वादुपिंड दिसतच नाही. जठर आणि आडवे मोठे आतडे यांना जोडणारा पडदा उघडून जठर वर उचलावे लागते, तेव्हा ते समोर येते. शिर पाहण्यासाठी ड्युओडेनम उजवीकडून सोडवून मध्याकडे पलटावे लागते, आणि शेपटीची मागची बाजू पाहण्यासाठी प्लीहेसह तिला उचलावे लागते. ग्रंथीवर रक्ताची गाठ साकळलेली असेल तर ती तशीच सोडून चालत नाही. ती उघडून खालची चीर पाहावी लागते. काही तास उलटले असतील तर भोवतीच्या चरबीवर खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि ते दिसले की रस गळतो आहे हे समजावे.

नलिका शाबूत असेल तर रक्तस्राव थांबवून ड्रेन, म्हणजे पोटातला द्रव बाहेर नेणारी नळी, ठेवायचा आणि बाहेर पडायचे. चिरेवर खोल टाके घालण्याचा मोह आवरावा, कारण त्या टाक्यांत शाबूत नलिकाच सापडू शकते. नलिका डावीकडे तुटली असेल तर तुटीपासून शेपटीपर्यंतचा भाग काढायचा आणि उरलेल्या टोकावर नलिकेचे तोंड शोधून ते वेगळ्या टाक्याने बांधायचे. प्लीहेची नीला ग्रंथीच्या मागच्या खाचेत असते आणि तिला ग्रंथीतून येणाऱ्या असंख्य बारीक फांद्या असतात. प्लीहा राखायची तर त्या एकेक करून बांधाव्या लागतात. स्थिर रुग्णात हे जरूर करावे. रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णात प्लीहा वाचवण्याच्या नादात वेळ घालवू नये.

उजवीकडच्या तुटीसाठी पुस्तकांत मोठमोठ्या जोडण्या आहेत. लेटन आणि विल्सन यांनी १९५९ मध्ये शिराकडचे टोक बंद करून शेपटीकडचा भाग आतड्याच्या वळशाला जोडण्याची पद्धत सांगितली, आणि तिच्यामुळे ग्रंथी वाचते हे खरे. पण सुजलेल्या, मऊ ग्रंथीची आतड्याशी केलेली जोडणी अपघाताच्या रात्री टिकेल याचा भरवसा मला वाटत नाही. अशा रात्री चांगले ड्रेन ठेवून परत फिरणे हेच पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते.

भूलतज्ज्ञ
शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. पडद्याच्या या बाजूला बसून दिसते ते असे, की रुग्णाच्या जिवावर पहिल्या काही तासांत उठते ते स्वादुपिंड नव्हे, तर सोबत फाटलेले यकृत, प्लीहा किंवा मोठी रक्तवाहिनी. रुग्ण गार पडलेला असतो, रक्तात आम्ल वाढलेले असते आणि रक्त गोठेनासे झालेले असते. अशा वेळी रक्तस्राव थांबवणे, फाटलेले आतडे बंद करणे, ड्रेन ठेवणे, पोट तात्पुरते झाकणे आणि आयसीयूत नेऊन शरीर गरम करणे, एवढेच काम त्या वेळेचे. शिराचा चुराडा झालेल्या पाचव्या श्रेणीत व्हिपलची शस्त्रक्रिया, म्हणजे शिर आणि ड्युओडेनम एकत्र काढणे, करावी लागलीच, तर काढण्याचे काम आधी आणि जोडण्याचे काम एक-दोन दिवसांनी, रुग्ण सावरल्यावर, असे टप्पे करता येतात. एका रात्रीत सगळे पार पाडण्याचा हट्ट शल्यचिकित्सकाला शोभतो, पण रुग्णाला सोसत नाही.

परिचारिका
सगळे ड्रेन ठेवून बाहेर पडतात, आणि पुढचे आमच्याकडे सोपवतात. म्हणून ड्रेनबद्दल थोडे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात हवा आत घेणाऱ्या उघड्या ड्रेनपेक्षा बंद, ओढ देणाऱ्या ड्रेनमुळे पोटात पू होण्याचे प्रमाण कमी आढळले होते, आणि आम्ही तेच वापरतो. पण त्याचा फुगा दाबलेला राहिला तरच तो ओढ देतो. अर्ध्याहून अधिक भरला की ती संपते. पहिल्या दिवशी द्रव लालसर असतो, मग फिका होत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो राखाडी, गढूळ दिसू लागला किंवा निव्वळ पाण्यासारखा भरपूर येऊ लागला, तर आम्ही डॉक्टरांची फेरी येण्याची वाट न पाहता कळवतो. त्या द्रवातले अमायलेज तिसऱ्या दिवसानंतर रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून अधिक आले, तर स्वादुपिंडाची गळती आहे असे धरतात. आणि द्रव अचानक ताजा लाल झाला तर धावावेच लागते, कारण रसाने एखाद्या रोहिणीची भिंत खाल्लेली असू शकते.

नातेवाईक हमखास विचारतात, 'नळी कधी काढणार?' नळीतून येते आहे म्हणजे पोटात साठत नाही, हे समजावून सांगितले की बहुतेकांची घालमेल कमी होते. बहुतांश गळती काही आठवड्यांत आपोआप बंद होते.

वाचनमात्र
धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. स्वादुपिंडाचा अर्धा भाग काढला तर मधुमेह होणार, हे गृहीत धरायचे का? आणि गळती थांबवण्यासाठी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने देतात असे ऐकले आहे, ती का देत नाहीत?

निशाचर
पूर्वी निरोगी असलेल्या ग्रंथीचा अर्धा भाग उरला तर बहुतेकांना मधुमेह होत नाही. साधारण ८० टक्क्यांहून अधिक भाग गेला तर धोका लक्षणीय होतो. तरीही अधूनमधून साखर तपासत राहावी, कारण इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची दाटी शेपटीकडे अधिक असते. ऑक्ट्रिओटाइड रस कमी करते, हे खरे. परंतु गळती होऊ नये म्हणून ते सगळ्यांना सरसकट देऊ नये, अशी अमेरिकेतल्या ईस्ट या ट्रॉमा संघटनेची २०१७ ची सशर्त शिफारस आहे. त्यापेक्षा पोषणाकडे लक्ष द्यावे. शस्त्रक्रियेतच लहान आतड्यात एक नळी बसवून ठेवली, तर तोंडाने खाणे लांबले तरी आतड्यातून आहार देता येतो, आणि तो शिरेतून दिलेल्या पोषणापेक्षा बरा.

दुर्बीण
निशाचर यांनी ईस्टचा विषय काढलाच आहे, तर मूळ प्रश्नाकडे परत येऊ. त्याच शिफारशींत सीटीवर पहिली-दुसरी श्रेणी दिसली तर शस्त्रक्रियेविना उपचार आणि तिसरी-चौथी दिसली तर शस्त्रक्रिया, असे म्हटले आहे. म्हणजे कागदावर शल्यकजींचे पारडे जड. पण त्या सगळ्या शिफारशी सशर्त आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावा कमकुवत आहे, हेही तिथेच लिहिले आहे. ही इजा इतकी विरळ, की दोन गट पाडून नीट तुलना करण्याइतके रुग्ण कोणा एका रुग्णालयात जमत नाहीत. पाचव्या श्रेणीसाठी तर त्यांनी शिफारस करायचेच टाळले आहे.

शल्यक
पुरावा कमकुवत आहे, हे मी नाकारत नाही. माझा आग्रह निर्णयाच्या वेळेचा आहे. नलिकेचा निकाल पहिल्या दिवशी लावा: पहिला स्कॅन संशयास्पद असेल तर १२ ते २४ तासांत दुसरा करा किंवा एमआरसीपी करा, आणि मग शल्यचिकित्सक, एंडोस्कोपी करणारे आणि क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून ठरवा. अर्धवट फाटलेल्या नलिकेत, तज्ज्ञ हजर असेल तर, स्टेंट जरूर घाला. बालशल्यजींच्या निकषांवर मुलाला जाणूनबुजून थांबवून ठेवले, तर तो निर्णय झाला. कोणीच काही न ठरवल्यामुळे चौथा दिवस उजाडतो, तेव्हा तो निर्णय नसतो. आणि जिथे यांपैकी काहीच उपलब्ध नाही तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण स्थिर असतानाच मोठ्या केंद्राकडे पाठवावा.

बालशल्य
या शब्दांत असेल तर मुलांसाठीही माझी सही घ्या. तिसऱ्या श्रेणीबाबतचा मतभेद मात्र राखून ठेवतो.

तिरकस
सर्जन आणि एंडोस्कोपीवाले एका टेबलाभोवती बसले, तर त्या बैठकीला भूलतज्ज्ञ लागतीलच.

माणिक
सर्वांचे आभार. पुतण्याचा शेपटीकडचा भाग काढला आणि सोबत प्लीहाही काढावी लागली. तो आता जेवतो आहे, ड्रेन निघाला आहे. प्लीहा नसल्यामुळे पुढे नेमकी काय काळजी घ्यायची, ते घाईत नीट समजून घेता आले नाही.

परिचारिका
माणिकराव, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या तीन जंतूंविरुद्धच्या लसी तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १४ दिवसांनी देतात. दिल्या आहेत का, ते डिस्चार्ज कार्डावर पाहा आणि नसतील तर लगेच विचारा. त्यांतल्या काहींचे पुढचे डोस असतात, त्यांच्या तारखा लिहून घ्या. रोज घ्यायचे प्रतिजैविक किती काळ चालू ठेवायचे, हेही त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. ताप आला तर घरी गोळी देऊन रात्र काढू नका; त्याच वेळी रुग्णालयात न्या आणि प्लीहा काढलेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. शाळेतही हे लेखी कळवून ठेवा.